मिठीचीही तालीम हवी

बाळा,

परवा तुझी तालीम बघून घरी आले आणि भाकरी थापतानाही तोच प्रवेश डोळ्यांपुढे येत राहिला. दुसऱ्या अंकात ती दोघं कंदिलापाशी बसतात, तो. संहितेत कंसात एवढंच आहे: तो तिला जवळ घेतो. तू म्हणालास, "इथलं तुमचं तुम्ही बघून घ्या, नॅचरल वाटलं पाहिजे." तो मुलगा घामाघूम झाला. तिने ओढणीचं टोक मुठीत धरलं आणि प्रवेश संपेपर्यंत ती मूठ सुटली नाही. तुला दिसलं नाही, कारण तू संहितेत डोकं घातलं होतंस.

तुझ्या मनात वाईट काही नव्हतं, हे मला ठाऊक आहे. तुला संकोच वाटला आणि तो तू त्या दोघांवर ढकललास. पण पहिल्या अंकातली सुऱ्याची झटापट आठव. लाकडी सुरा असूनही तू चार दिवस घालवलेस. मनगट कुठं धरायचं, कोणत्या शब्दावर पाय मागे घ्यायचा, सगळं मोजून. मिठीला मात्र एक दिवसही नाही?

मारामारीसारखीच जवळिकीचीही आखणी करायची ही पद्धत जगाच्या रंगभूमीवर तशी अलीकडची. अमेरिकेत टोनिया सिना यांनी २००६ मध्ये त्यावर प्रबंध लिहिला. २०१६ मध्ये त्यांनी दोन सहकाऱ्यांसोबत संस्था काढली आणि इंटिमसी डायरेक्टर हे काम नावारूपाला आलं. सोलापुरात हौशी ग्रुपला असा माणूस कुठून परवडणार? पण त्या कामातलं बरंचसं तुला स्वतःला करता येतं.

आधी विचारायचं कसं, ते शीक. "चालेल ना?" असं विचारू नकोस. त्या 'ना'मध्येच होकार कोंबलेला असतो, आणि विचारणारा दिग्दर्शक असला की नाही म्हणायला जीभ वळत नाही. सगळ्यांसमोर तर मुळीच विचारू नकोस. एकेकाला बाजूला घे आणि म्हण, "खांदा, पाठ, हात, केस, यातलं काय चालेल, काय नको? नको असेल तिथं दुसरं काही बसवू." कारण विचारायचं नाही. आणि काल हो म्हणाली म्हणून आज हो असं धरू नकोस. कुणाची पाठ दुखत असेल, कुणाची पाळी असेल, कुणाच्या घरी काही घडलं असेल. कलाकार बदलला तर पुन्हा पहिल्यापासून.

मग बसव. "उत्कटपणे" वगैरे शब्द तिथं उपयोगाचे नाहीत. असं सांग: 'उशीर झाला' या शब्दावर तो एक पाऊल पुढं, उजवा तळवा तिच्या डाव्या खांद्यामागं, सदरा चुरगळणार नाही एवढाच दाब, मनात चारपर्यंत मोजायचं, मग आधी ती सुटते. हुतात्मा स्मृती मंदिरात शेवटच्या रांगेतल्या माणसाला ओठ दिसत नाहीत रे. त्याला खांद्यांचा कल दिसतो, थांबलेला श्वास दिसतो. चुंबनाची जागा असेल तर तालमीत तिथं नुसती टाळी द्यायची, खरं काय ते ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या कोनात. प्रॉम्प्टिंगच्या वहीत हे सगळं लिहून ठेव. प्रयोगात त्यातलं काडीचंही बदलायचं नाही, प्रेक्षकांनी डोक्यावर घेतलं तरीही.

हे शेवटचं मी अंगावर काढलंय. तेविसाव्या वर्षी एका नाटकात माझा सहकलाकार दर प्रयोगाला हात थोडा आणखी खाली नेई. दिग्दर्शकाला सांगितलं, तर म्हणाले, "रंगभूमीवर लाजायचं नसतं." पुढच्या प्रयोगात त्या जागेपाशी माझं वाक्यच गेलं. विंगेतून तीनदा प्रॉम्प्ट आला, मला ऐकूच आला नाही. लोक म्हणाले, पाठांतर कच्चं. ते नाटक मी सोडलं, आणि मला ते फार आवडायचं.

म्हणून एक शब्द ठरव, संहितेत कुठंच नसलेला. 'थांब' नको, तो संवादात येतो. आम्ही 'शेंगाचटणी' ठेवतो. कुणीही म्हटला की सगळे जागच्या जागी, खुलासा मागायचा नाही. त्या प्रवेशाच्या तालमीला फोन दाराबाहेर. रीलसाठी म्हणून केलेला तुकडा उद्या तिच्या मामाच्या मोबाइलवर असतो.

दोघांपैकी कुणी अठरा पूर्ण केलेलं नसेल तर हा प्रवेश दुसऱ्या तऱ्हेने लिहून घे. यावर मी वाद ऐकणार नाही. आणि आपण हौशी, आपल्याला कायदा कुठला, असं समजू नकोस. २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात बिनपगारी काम करणारी बाईही येते. दहापेक्षा कमी माणसं असतील तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. तो पत्ता नोटीस बोर्डावर लाव, आत्ताच, काही घडायच्या आधी.

गुरुवारी मी येते. सहा वाजता फक्त ती दोघं आणि वहीवाली मुलगी, बाकीच्यांना सातला बोलाव. प्रवेशातल्या मुलीला आधीच कळव, की यावंसं वाटत नसेल तर तसं मला थेट सांगितलं तरी चालेल. जमिनीवर खुणा करायला चिकटपट्टी आण, आमची संपली आहे.

तुझी,
ताई