ई-बुक एकाच दुकानाला बांधावं का? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझी पहिली कादंबरी मी स्वतःच ई-बुक म्हणून काढते आहे. अ‍ॅमेझॉनच्या केडीपी (किंडल डायरेक्ट पब्लिशिंग) या स्वप्रकाशन सेवेतल्या ‘केडीपी सिलेक्ट’ योजनेत टाकावी का? काही प्रकरणं प्रतिलिपी या ऑनलाइन वाचनाच्या अ‍ॅपवर आहेत, एक प्रकरण दिवाळी अंकात आलं होतं. पुस्तक बुकगंगा या ऑनलाइन दुकानातही ठेवायचं आहे.
– एक लेखिका, कोथरूड

उत्तर : सिलेक्ट आणि बुकगंगा एकाच वेळी जमणार नाही. सिलेक्टचा करार ९० दिवसांचा असतो आणि तेवढ्या काळात पुस्तकाची डिजिटल प्रत दुसरीकडे कुठेही, अगदी फुकटसुद्धा, असता कामा नये. मित्रमंडळींसाठी स्वतःच्या संकेतस्थळावर पीडीएफ ठेवली, तरी अट मोडते. नमुन्यादाखल १० टक्क्यांपर्यंत मजकूर इतरत्र चालतो. छापील प्रत आणि ऑडिओबुक मोकळी आहेत. अप्पा बळवंत चौकातल्या दुकानांत पुस्तक खुशाल ठेवा.

तुमची खरी अडचण जुन्या मजकुराची आहे. प्रतिलिपीवरची प्रकरणं आणि, अंकाची ई-आवृत्ती विक्रीत असेल तर, अंकातलं प्रकरण यांचे शब्द मोजा. बेरीज कादंबरीच्या १० टक्क्यांवर जात असेल, तर प्रतिलिपीवरची प्रकरणं आधी काढा. छापील दिवाळी अंकाला हरकत नाही, पण त्याची ई-आवृत्ती अजून विकली जाते का, हे संपादकांना जरूर विचारा. लेखकाला हे बहुधा कुणी कळवलेलंच नसतं. शेवटी कादंबरीतली चार-पाच वाक्यं अवतरणचिन्हांत घालून गूगलवर शोधा. दुसरीकडे प्रत सापडली, तर अ‍ॅमेझॉन पुस्तक योजनेतून काढू शकतं, मानधनही रोखू शकतं.

आता पैशाचं. भारतातल्या विक्रीवर ७० टक्के मानधन सिलेक्टमधल्या पुस्तकांनाच मिळतं, बाकीच्यांना ३५. मात्र ७० टक्क्यांच्या पर्यायात फाइल पोचवण्याचा खर्च, दर एमबीला ७ रुपये, आधी वजा होतो. कर वगळून किंमत १०० रुपये धरा. फाइल १ एमबीची असेल, तर ९३ चे ७० टक्के म्हणजे ६५ रुपये १० पैसे. फोटोंनी भरलेली १० एमबीची फाइल असेल, तर हातात २१ रुपयेच येतात, म्हणजे ३५ टक्क्यांपेक्षाही कमी. आतली चित्रं लहान करूनच फाइल चढवा.

शिवाय सिलेक्टमधली पुस्तकं ‘किंडल अनलिमिटेड’ या अ‍ॅमेझॉनच्या वर्गणीच्या वाचन योजनेत येतात आणि तिथल्या वाचकांनी वाचलेल्या पानांचे पैसे मिळतात. पानाचा दर दर महिन्याला बदलतो आणि एका वाचकाने तेच पान पुन्हा वाचलं, तर ते मोजलं जात नाही. या कमाईवर छपाईचा हिशेब बांधू नका.

आमचं मत : बुकगंगावर तुमचा वाचक अजून तयार झालेला नाही, तेव्हा एक ९० दिवसांची फेरी करून पाहा. नोंदणी आपोआप पुढे चालू राहते. केडीपी खात्यातल्या ‘बुकशेल्फ’ या पुस्तकांच्या यादीत जाऊन आपोआप नूतनीकरणाची खूण पहिल्याच दिवशी काढा. मधेच पुस्तक विक्रीतून काढलं, तरी मुदत संपेपर्यंत बंधन सुटत नाही. फेरीअखेर विक्री आणि पानांचा अहवाल पाहा, आकडे तोकडे असतील तर बुकगंगा आणि गूगल प्ले दोन्हीकडे जा.

प्रश्न : २०१६ च्या प्रकाशक-करारात सर्व हक्क दिले आहेत, मुदत मात्र लिहिलेली नाही. आता ई-बुक मी काढू शकतो का?
– एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : प्रताधिकार कायदा, १९५७ च्या कलम १९ नुसार मुदत लिहिलेली नसेल, तर हक्कांचं हस्तांतरण ५ वर्षांचं मानतात. तुमचं २०२१ मध्येच संपलं. मात्र करारात ‘कायमस्वरूपी’ किंवा ‘प्रताधिकाराच्या संपूर्ण काळासाठी’ असे शब्द कुठे दडले आहेत का, ते वकिलाकडून तपासून घ्या. मग प्रकाशकाला नोंदणीकृत टपालाने पत्र पाठवा आणि त्यांनी काढलेलं ई-बुक कुठे विक्रीला असल्यास ते उतरवल्याचं लेखी घ्या. त्याआधी सिलेक्टमध्ये नोंदणी करू नका.