सीटमधलं पाणी उतरत नाही? आधी दोष कुठं आहे ते पाहा

प्रश्न (अकोट तालुका): कमोड वर्षभर छान चालला. आता बटन दाबलं की पाणी नुसतं फिरतं, घाण अर्धी राहते. कमोड बदलावा का?

नको. आधी बादलीनं सात-आठ लिटर पाणी एका दमात ओता. सगळं साफ निघून गेलं तर पाइप ठीक आहे, दोष फ्लशच्या टाकीत किंवा कमोडच्या काठात. तुमचा भाग खारपाणपट्ट्याचा, म्हणजे जमिनीतलं पाणीच खारं. बोअरचं पाणी असेल तर काठाखालची भोकं क्षारानं बुजलेली असण्याची शक्यता मोठी. छोटा आरसा खाली धरा, पांढरट-पिवळा थर दिसेल. कॉक बंद करून टाकी रिकामी करा, व्हिनेगरमध्ये भिजवलेल्या कापडाच्या पट्ट्या काठाखाली रात्रभर दाबून ठेवा आणि सकाळी प्लॅस्टिकचं आवरण असलेल्या वायरीनं एकेक भोक मोकळं करा. उघड्या तारेनं चिनीमातीवर काळे ओरखडे उठतात. टाकीतलं पाणी आतल्या उभ्या नळीच्या तोंडाखाली साधारण इंचभर हवं. कमी भरत असेल तर फुगा वर सरकवा.

प्रश्न (वणी तालुका): दोन शोषखड्डे आहेत. उन्हाळ्यात त्रास नाही, पण श्रावणात सीटमध्ये पाणी उभं राहतं. अजून एक खड्डा खोदावा का?

खोदण्याआधी दोन्ही खड्ड्यांच्या अलीकडच्या चेंबरचं झाकण उचला. चेंबर कोरडं आणि सीट भरलेली, तर अडथळा ट्रॅपमध्ये (सीटखालच्या, पाणी धरून ठेवणाऱ्या वाकड्या नळीत) किंवा मधल्या पाइपात आहे. चेंबरमध्येच पाणी उभं असेल तर खड्डा भरला किंवा पाणी मुरणं थांबलं.

आता चेंबरची दोन तोंडं पाहा. एका वेळी एकच उघडं हवं. दुसरं वीट आणि चिखलानं बंद. दोन्ही उघडी ठेवून मिस्त्री निघून जातो आणि मग दोन्ही खड्डे एकदमच भरतात. ही चूक फार महागात पडते, कारण एक खड्डा वापरात असताना दुसरा बंद ठेवून त्यातला मैला कुजू द्यायचा असतो, आणि तशी विश्रांती घ्यायला एकही खड्डा उरत नाही.

तुमच्याकडची काळी माती पावसात फुगते आणि खड्ड्याच्या जाळीदार विटांची भोकं बाहेरून लिंपून टाकते. म्हणून अशा जमिनीत विटांच्या बाहेर चहूबाजूंनी फूटभर रुंदीत वाळू किंवा बारीक गिट्टी भरावी लागते. ती नसेल तर वैशाखात, जमीन कोरडी असताना, वापरात नसलेल्या खड्ड्याभोवती खोदून भरून घ्या. तोवर न्हाणीघराचं आणि पन्हाळीचं पाणी खड्ड्यापासून दूर वळवा. खड्ड्यात माणूस मात्र उतरवू नका. आतला वायू क्षणात जीव घेतो.

प्रश्न (आरमोरी तालुका): नवीन सीट आहे, तरी प्रत्येक वेळी पूर्ण बादली लागते.

बहुतेक शहरी सीट बसवली आहे. तिचा तळ सपाट असतो आणि ट्रॅपमध्ये 50 मिलिमीटर पाणी उभं राहतं. ग्रामीण सीटचा उतार तीव्र, ट्रॅपमध्ये 20 मिलिमीटर पाणी, त्यामुळे दीड-दोन लिटरमध्ये काम होतं. सीट बदलताना पाइपाचा उतारही मोजा, फुटाला पाऊण इंच तरी हवा.

प्रश्न (चिखली तालुका): तुंबलं की अॅसिड ओततो, चालेल का?

नाही. कापड, सॅनिटरी पॅड, प्लॅस्टिक अॅसिडनं विरघळत नाही. उलट मैला कुजवणारे जिवाणू मरतात. ब्लीचिंग पावडरवर पडलं तर क्लोरीन वायू निघतो, तो फुफ्फुसं जाळतो. रबरी पंपानं दहा-बारा झटके द्या, नाहीच जमलं तर बांबूची लवचिक कमची हळूहळू फिरवा.

प्रश्न (त्याच वाचकाकडून): बंद केलेल्या खड्ड्यातलं खत कधी काढायचं?

पूर्ण दोन वर्षांनी. झाकण काढल्यावर माल कोरडा, भुसभुशीत आणि बिनवासाचा हवा. ओलसर लागला किंवा वास आला तर झाकण परत लावून सहा महिने थांबा.