माळ्यावरची ट्रंक

मला आलेलं एक पत्र थोडक्यात असं आहे : "मी 27 वर्षांचा. परभणीच्या कृषी विद्यापीठातून बीएस्सी कृषी केलं आणि लगेच पुण्याला आलो. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतल्या एका कॉटचं भाडं देऊन राहतो. चार वर्षं राज्यसेवेची (एमपीएससी) तयारी करतोय. प्री, म्हणजे पूर्व परीक्षा, तीनदा दिली. पहिल्यांदा साडेचार गुणांनी गेली, दुसऱ्यांदा नऊ, या वेळी साडेचौदा. खुला प्रवर्ग. वडील बीड जिल्ह्यात चार एकर कोरडवाहू करतात आणि महिन्याला दहा हजार पाठवतात. गेल्या वर्षी घरी सांगून बसलो की प्री निघाली. निघाली नव्हती. आता बहिणीच्या लग्नाची बोलणी सुरू आहेत आणि वडील बैठकीत 'पोरगा मेन्सला (मुख्य परीक्षेला) आहे' म्हणून सांगतात. रात्री दोन-दोनपर्यंत मोबाइल बघत पडून असतो. कधी कधी वाटतं, सकाळ होऊच नये. मॅडम, थांबू की चालू ठेवू?"

तू माझ्या मुलाच्या वयाचा आहेस, म्हणून अरेतुरेच करते.

आधी त्या एका वाक्याबद्दल. 'सकाळ होऊच नये' हे तू मोबाइलच्या आणि बैठकीच्या मध्ये घाईने लिहून टाकलं आहेस, पण मी ते तीनदा वाचलं. 14416 हा 'टेली मानस'चा सरकारी नंबर आहे. चोवीस तास चालतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. आज रात्रीच लाव. आणि शेजारच्या कॉटवर जो मुलगा झोपतो ना, त्यालाही सांग की गेले काही दिवस मला झोप नाही, मन लागत नाही. एवढंच सांगितलंस तरी पुरे. बाकीचं पत्र त्यानंतर वाच, उद्या वाचलंस तरी चालेल.

आता 'थांबू की चालू ठेवू'. हा प्रश्न तू स्वतःला चार वर्षं दर निकालानंतर विचारत असणार आणि दर वेळी उत्तर 'अजून एक' असंच येत असणार. त्यात तुझा हट्ट असेल, पण नियमाचाही भाग आहे. 2016 साली महाराष्ट्रात सरकारी सेवेसाठी खुल्या प्रवर्गाची वयोमर्यादा 33 वरून 38 झाली, राखीव प्रवर्गांची 43. नोकरी करता करता परीक्षा देणाऱ्याला ही पाच वर्षं मोठा आधार आहेत. पण घरच्या पैशावर अभ्यासिकेत बसलेल्या मुलाला ती हळूहळू गिळतात, कारण 'आता बस' असं सांगणारं कोणी उरतच नाही. लोकसेवा आयोग सांगत नाही, क्लासवाले सांगत नाहीत, वडील मायेपोटी सांगत नाहीत. माझ्यासमोर 34-35 वर्षांची मुलं येऊन बसतात. हुशार असतात, इतिहासाच्या सनावळ्या तोंडपाठ असतात, आणि आयुष्यात एकही पगारपत्रक पाहिलेलं नसतं. त्यांच्याकडे बघून मला फार वाईट वाटतं, म्हणून तुला आत्ताच स्पष्ट लिहिते आहे.

38 चा दरवाजा उघडा दिसतो म्हणून बाकीचे दरवाजे बंद होत आलेत हे तुला दिसत नाही. बँकांमध्ये कृषी क्षेत्र अधिकारी हे पद असतं. आयबीपीएस या बँक-भरती परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या स्पेशालिस्ट ऑफिसर परीक्षेतून सरकारी बँकांसाठी ते भरलं जातं. चार वर्षांची कृषी पदवी लागते, म्हणजे अभ्यासिकेतली बीए-बीकॉमची गर्दी तिथे अर्जच भरू शकत नाही. वयाची अट 20 ते 30. तू 27 चा आहेस. राज्यसेवेला तुझ्याकडे अकरा वर्षं आहेत, इथे फक्त तीन. आणि तुझ्या चार पानी पत्रात या परीक्षेचं नावसुद्धा नाही.

तुझे तीन निकाल मी शेजारी शेजारी मांडून पाहिले : साडेचार, नऊ, साडेचौदा. कट-ऑफ दर वर्षी हलतो हे खरं, तरी तुझ्यातलं आणि त्याच्यातलं अंतर दर वेळी वाढतच गेलंय. तू लिहितोस की अभ्यासाचे तास आठवरून बारावर नेले. तास वाढले आणि अंतरही वाढलं, तर चूक मेहनतीत नसून पद्धतीत आहे. प्रीच्या सीसॅटमध्ये, म्हणजे आकलन-बुद्धिमापनाच्या पेपरात, 33 टक्के मिळवून पात्र ठरलं की झालं, म्हणजे यादी लागते ती जीएसच्या (सामान्य अध्ययनाच्या) 100 प्रश्नांवर, आणि तिथे चुकलेलं उत्तर पाव प्रश्नाचे गुण कापून नेतं. या रविवारी तिन्ही वर्षांचे पेपर आणि आयोगाची अंतिम उत्तरतालिका काढ. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे तीनपैकी एक लिही : माहीत नव्हतं, दोन पर्यायांत अडकलो, ठोकून दिलं. मला तुझ्या निकालांवरून वाटतं की पहिल्या वर्षापेक्षा शेवटच्या वर्षी 'ठोकून दिलं' जास्त निघतील. भीती वाढली की माणूस ठोकायला लागतो. माझा अंदाज खोटा निघाला तर तसं कळव, मला आनंदच होईल.

दुसरं म्हणजे, तू ज्या परीक्षेची तयारी सुरू केलीस ती आता राहिलेलीच नाही. 2025 च्या राज्यसेवेपासून मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली आहे, म्हणजे उत्तरं हाताने लिहायची. मुख्यचे 1750 आणि मुलाखतीचे 275, असे एकूण 2025 गुण. ऐच्छिक विषयाचे दोन पेपर, 250-250 चे. त्या विषयांच्या यादीत कृषी आहे. चार वर्षांत तू हाताने सलग एक उत्तर तरी लिहिलंस का? पत्रावरून वाटत नाही, सगळा भर गोल काळे करण्यावर दिसतो. आणि पत्राच्या तिसऱ्या पानावर, अगदी जाता जाता, तू म्हणतोस की पदवीच्या वह्या-पुस्तकांची ट्रंक गावी माळ्यावर पडून आहे, 'आता त्याचा काय उपयोग'.

अरे, तुझ्याकडे जे आहे ते सगळं त्या ट्रंकेतच आहे! मृदाशास्त्र, पीकशास्त्र, कृषी अर्थशास्त्र, कीटकशास्त्र. बँकेच्या त्या पदाच्या मुख्य परीक्षेत हेच विचारतात, राज्यसेवेच्या ऐच्छिकमध्ये हेच लिहायचं आहे. बँकेच्या पूर्व परीक्षेत इंग्रजी, बुद्धिमापन आणि गणित असतं. त्यातलं बुद्धिमापन-गणित तू सीसॅटसाठी घासलेलं आहेस, इंग्रजीवर मात्र रोज तासभर बसावं लागेल. 'प्लॅन बी' म्हटलं की तुम्हा मुलांना पळपुटेपणा वाटतो. तुझ्या बाबतीत दोन्हींचा अभ्यास एकाच वहीतून होतो, त्यात पळपुटेपणा कसला?

म्हणून माझं उत्तर असं. चालू ठेव, पण तारीख लावून. तुझा 29 वा वाढदिवस. तोपर्यंत राज्यसेवेची जी प्री येईल ती दे आणि बँकेची जी जाहिरात येईल ती भर. त्या दिवशी तुझं नाव राज्यसेवा मेन्सच्या यादीत नसेल तर पुण्यातली कॉट सोडायची आणि मिळेल ते काम धरायचं. परीक्षा नंतरही देता येईल, पण स्वतःच्या पगारावर. 29 म्हणते कारण बँकेची 30 ची मर्यादा गाठायला त्यानंतरही वर्षभर हातात राहतं. ही तारीख कागदावर लिही आणि त्याच्या दोन प्रती कर. एक तुझ्याकडे ठेव, दुसरी वडिलांना दे.

आता वडील. प्री निघाल्याचं खोटं बोललास हे ओझं तुला अभ्यासापेक्षा जड झालंय. ते फोनवर उतरणार नाही. वाकडेवाडीच्या स्टँडवरून बीडची एसटी धर आणि घरी जा. आईसमोर किंवा पाहुण्यांसमोर नको. शेतात जाताना किंवा संध्याकाळी बांधावर बसलात की बोल. फार लांबण लावू नकोस : "दादा, गेल्या वर्षी प्री निघाली म्हणालो ते खोटं होतं. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोललो. आता मी असं ठरवलंय," आणि कागद दे. ते चिडतील. कदाचित दोन दिवस बोलणार नाहीत. तू तिथेच राहा, गुरांचं वैरण-पाणी कर, परतीची घाई करू नकोस. लग्नाच्या बैठकीत व्याह्यांसमोर चुकीची गोष्ट त्यांच्या तोंडून जाते आहे आणि त्यांना ते माहीतही नाही. हे नंतर बाहेरून कळलं तर तुझ्या बहिणीला सासरी ऐकून घ्यावं लागेल. म्हणून लग्न ठरायच्या आधी जा.

त्याच कागदाच्या मागे हिशोब लिही. महिन्याला दहा हजार, 48 महिने, म्हणजे 4 लाख 80 हजार, वर क्लासची फी. हे तुला अपराधी वाटावं म्हणून सांगत नाही. पुढच्या दोन वर्षांत घरून किती घ्यायचं आणि स्वतः किती मिळवायचं हे आकडा समोर असल्याशिवाय ठरत नाही. आठवी ते दहावीच्या मुलांना संध्याकाळी दोन तास विज्ञान शिकवलंस तर निदान मेसचा खर्च सुटेल. शिवाय दिवसातून एकदा अशा माणसांशी बोलणं होईल ज्यांना कट-ऑफ माहीतच नाही. त्याची तुला पैशाइतकीच गरज आहे.

मोबाइल रात्री दहाला अभ्यासिकेच्या लॉकरमध्ये ठेवून ये आणि सकाळी उठायला गजराचं घड्याळ घे, दीड-दोनशेला मिळतं. मुलाखतीत 'चार वर्षं काय केलं' विचारलं तर 'स्पर्धा परीक्षेची तयारी' असं सरळ सांग, लपवू नकोस. यातलं काहीच जमलं नाही आणि गावीच राहावंसं वाटलं, तर कृषी पदवीधरांसाठी केंद्राची 2002 पासूनची ॲग्री-क्लिनिक योजना आहे, शेतकऱ्यांना सल्ला-सेवा देणारा स्वतःचा व्यवसाय काढण्यासाठी. 45 दिवसांचं मोफत प्रशिक्षण असतं आणि पुढे बँकेचं कर्ज घेऊन व्यवसाय उभारला तर खुल्या प्रवर्गाला प्रकल्प खर्चाच्या 36 टक्के अनुदान. त्याबद्दल हवं तर स्वतंत्र लिहीन, तुझ्या गावात कृषी सेवा केंद्रं किती आहेत ते मात्र आधी मोजून कळव.

दोन-तीन दिवस घरी राहा. येताना माळ्यावरची ट्रंक खाली काढ. सगळी आणता आली नाही तरी मृदाशास्त्र आणि पीकशास्त्राच्या वह्या पिशवीत टाक, आणि पुण्यात पोचलास की पहिलं उत्तर हाताने लिहून मला पाठव. विषय मीच देते : तुमच्या चार एकरांतली माती कोणत्या प्रकारची आहे, आणि तिच्यात कोरडवाहू सोयाबीन पावसाचा खंड पडल्यावर का टिकत नाही किंवा का टिकतं. अडीचशे शब्द.