वहिनींची साखर तोडू नका

प्रश्न : ताई, माझ्या थोरल्या वहिनींना स्तनाचा कर्करोग आहे, रिपोर्टात ‘हर-टू पॉझिटिव्ह’ लिहिलंय. पेट स्कॅनच्या आधी सहा तास उपाशी ठेवलं, बोट टोचून साखर पाहिली, आणि स्कॅनमध्ये गाठ चमकली. गाठ साखर खाते असं कळल्यापासून घरात त्यांचा चहासुद्धा बिनसाखरेचा झालाय. वजन उतरतंय. साखर तोडली तर गाठीच्या पेशी मरतील का?
– एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : वहिनींना मधुमेह नसेल तर आजच गोड चहा करून द्या. साखर तोंडातून गेली नाही तरी यकृत ती बनवतंच, आणि त्यासाठी स्नायू झिजवतं. उपास गाठीला नाही, वहिनींना घडतोय.

आयुष्यभर पेशीशास्त्र शिकवलं, म्हणून जरा तपशिलात सांगते. साखर पेशीच्या आवरणातून आपोआप आत जात नाही, त्यासाठी वाहक प्रथिनं लागतात. स्नायूंमधलं ‘ग्लूट-४’ एरवी पेशीच्या आत, बारीक पिशव्यांमध्ये असतं. इन्शुलिन वाढलं की वर येतं, काम संपलं की परत आत जातं. पेट स्कॅनआधी शिरेतून साखरेसारखा किरणोत्सारी पदार्थ देतात, तो जिथे जास्त जातो ती जागा चित्रात चमकते. खाऊन स्कॅनला गेलं तर ही चमकणारी साखर स्नायूच ओढून घेतात आणि गाठ फिकी दिसते. उपाशी ठेवतात ते यासाठी. बऱ्याच कर्करोगांच्या पेशींवर मात्र ‘ग्लूट-१’ भरमसाट असतं आणि ते इन्शुलिनची वाट पाहत नाही. हे प्रथिन काही परकं नव्हे, आपल्या तांबड्या रक्तपेशींवरही तेच आहे. फरक आहे तो किती आणि कुठे याचा.

हर-टू या पेशीवरच्या प्रथिनाचंही तसंच. वाढीचा निरोप घेणारी अशी प्रथिनं निरोगी पेशीवरही असतात. त्यांच्यापैकी बरीचशी निरोप मिळाल्यावर पेशी आत ओढते आणि लायसोसोममध्ये, म्हणजे पेशीतल्या पचनाच्या पिशवीत, पचवून टाकते. निरोप तिथे थांबतो. हर-टू सहजी आत जात नाही, गेलं तरी बरंचसं परत पृष्ठभागावर येतं. वहिनींच्या आजारात त्याच्या जनुकाच्याच जास्तीच्या प्रती झालेल्या असतात, त्यामुळे ‘वाढ, वाढ’ हा निरोप थांबतच नाही.

पण औषधाला निशाणाही तिथेच सापडला. ट्रास्टुझुमॅब हर-टूला जाऊन चिकटतं. अमेरिकेत त्याला 1998 साली मान्यता मिळाली. पुढे त्यालाच विषारी औषध जोडून टी-डीएम-१ केलं (2013). ते हर-टूबरोबर आत जातं, लायसोसोममध्ये पचतं आणि विष नेमकं आत सुटतं. पेशीची ही आतली वाहतूक शिकवताना मला नेहमी भरून येई. तिचा असा उपयोग होईल असं विद्यार्थिदशेत कुणाला वाटलं होतं!

हृदयाच्या पेशींनाही हर-टू लागतं, म्हणून या औषधांबरोबर अधूनमधून इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करतात. ती तारीख चुकवू नका. आणि उतरलेलं वजन पुढच्या भेटीत डॉक्टरांना आवर्जून सांगा, आहारतज्ज्ञाची चिठ्ठी मागून घ्या.