अंडाशयाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनला सात महिने झाले, आईच्या पोटात सारख्या कळा येतात, पोट फुगतं. सगळे म्हणतात गॅस असेल. हे किती दिवस चालतं?

'सगळे म्हणतात गॅस असेल' हे वाचलं आणि राहवलं नाही.

माझं ऑपरेशन २०१९ मध्ये झालं. गर्भाशय, दोन्ही अंडाशय, आतड्यावरची चरबीची झालर आणि गाठ चिकटली होती म्हणून मोठ्या आतड्याचा वीतभर तुकडा, एवढं काढलं. मग केमो. सीए-१२५, म्हणजे रक्तातली या कॅन्सरची खूण, खाली आलं, घरात पेढे वाटले.

पाचव्या महिन्यापासून जेवल्यावर अर्ध्या तासात कळ उठायची. बेंबीभोवती पिळवटून यायची, ओसरायची, दहा मिनिटांनी परत. नळाला पाणी येण्याआधी हवा घुरघुरते तसा आवाज पोटातून यायचा. एकदा तर कातडीखालून आतड्याची लाट सरकताना मी डोळ्यांनी पाहिली. पण घरात निदान ठरलेलं होतं. मोठ्या जाऊबाईंनी रात्री इसबगोल, दुपारी पालेभाजी-भाकरी, वर कच्च्या गाजर-काकडीची कोशिंबीर सुरू केली. जेवण गेलं नाही की म्हणायच्या, "हिनं मनाला लावून घेतलंय." मी मुकाट्यानं गिळलं. केमोत माझं सगळं त्यांनीच केलं होतं, उलट कुठल्या तोंडानं बोलणार?

एका रात्री हिरवी उलटी झाली. दोन दिवस शौचाला नाही, वारासुद्धा सरलेला नाही. सीटी स्कॅनमध्ये दिसलं की लहान आतडं आतल्या व्रणांना चिकटून मुडपलंय आणि वाट अर्धवट बंद झालीय. नाकातून नळी घातली. रात्रीतून दीड लिटर हिरवंकाळं पाणी पिशवीत उतरलं. सहा दिवस सलाईनवर. राउंडला आलेले डॉक्टर रोज एकच विचारायचे, "वारा सरला का?" सहाव्या दिवशी पहाटे सरला, तेव्हा मी रडले. ऑपरेशन टळलं, हे नशीब. कारण चिकटलेलं सोडवायला पुन्हा पोट उघडलं की नव्यानं चिकटायची भीती असतेच.

इसबगोल पाण्यात फुगतं. वाट अरुंद असेल तिथे ते बुचासारखं बसतं. चोथा म्हणजे पोटाला चांगलंच, हे अशा पोटाला लागू नाही. मी आता मऊ भात, मुगाचं वरण, ताक, साल काढून शिजवलेला दुधी असं थोडं थोडं सहा वेळा खाते.

किती दिवस चालतं म्हणाल, तर माझं अजून पूर्ण थांबलेलं नाही. पण 'ऑपरेशन झालंय, दुखणारच' यावर गप्प बसू नका. कॅन्सर परत आला तरी आतडं असंच दाबलं जातं, म्हणून नुसत्या रक्ताच्या रिपोर्टवर न थांबता स्कॅनबद्दल विचारा. हिरवी उलटी, पोट टम्म, वारा बंद यातलं काही झालं तर सकाळची वाट बघू नका. ट्रामाडॉलसारख्या दुखण्यावरच्या गोळ्यांनीही आतडं मंदावतं, चालू असतील तर डॉक्टरांना सांगा.

आणि दुखण्यासाठी वेगळे डॉक्टर असतात. परळच्या टाटामध्ये पॅलिएटिव्ह, म्हणजे दुखणं-त्रास कमी करणारा, विभाग आहे, इतरही मोठ्या हॉस्पिटलांत असतो. मला तिकडे पाठवायचं म्हटल्यावर जाऊबाई म्हणाल्या, "ती शेवटच्या पेशंटांची जागा, हिला तिथे न्यायचं नाही." झालं, वर्ष गेलं. शेवटी गेले तेव्हा कळलं, आतड्याची कळ वेगळी आणि टाक्यांच्या जागची नसेची आग वेगळी, दोन्हीची औषधं वेगळी. महिन्याभरात मी रात्रीची सलग झोपायला लागले. ते वर्ष मला कोण परत देणार?

प्रत्येकीचं पोट वेगळं, हेही खरं. साधं बद्धकोष्ठ असेल तर इसबगोल चालतंही, पण आधी सर्जनना विचारून. जाऊबाई आजही म्हणतात, "मी चांगल्यासाठीच केलं." केलं, मला मान्य आहे. पण कळ कुठे उठते, जेवल्यावर किती वेळानं उठते, हे त्यांनी मला एकदाही विचारलं नाही. तुम्ही आज आईला विचारा आणि वहीत लिहून घ्या, डॉक्टर नेमकं तेच विचारतात.