शंभर टक्के निकाल, आरटीईची सोडत आणि हक्कसोडपत्र

शाळेचा मुलांवर आणि विवाहविषयक कायद्यांचा स्त्रियांवर नेमका काय परिणाम होतो, याविषयी पुणे परिसरातून आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : आमच्या भागातील एका शाळेचा दहावीचा निकाल सलग काही वर्षे शंभर टक्के लागतो आहे. ती उत्तम शाळा मानावी का? (एक पालक, कोथरूड)

उत्तर : केवळ एवढ्यावरून मानू नये. मुलांच्या गुणांमधील तफावत शाळेच्या साधनसामग्रीपेक्षा घरच्या परिस्थितीशी अधिक जोडलेली असते, असे १९६६ साली अमेरिकेत जेम्स कोलमन यांच्या अहवालाने दाखवले. म्हणूनच अर्थतज्ज्ञ निव्वळ निकाल पाहत नाहीत. मूल शाळेत आले तेव्हा कोठे होते आणि आता कोठे पोहोचले, हे अंतर मोजतात. शिवाय निकालाच्या फलकावर कोण नाही, हेही पाहावे लागते. माझ्या परिचयातील एका मुलाच्या आईवडिलांना नववीच्या अखेरीस शाळेत बोलावून ‘सतरा नंबरचा फॉर्म भरा’ असे सांगण्यात आले. मुलगा बाहेरून परीक्षेला बसला आणि त्या वर्षीही शाळेचा निकाल शंभर टक्केच लागला. तेव्हा आठवीच्या पटावर किती मुले होती आणि त्यांतील किती जणांनी त्याच शाळेतून दहावीची परीक्षा दिली, हे आपण विचारावे.

प्रश्न : आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याखाली खासगी शाळांत राखीव असलेल्या जागांच्या) सोडतीत मुलीचा नंबर लागला नाही. तिला महापालिकेच्या शाळेत घालावे लागेल. तिचे नुकसान होईल का? (एक वडील, हडपसर)

उत्तर : आपली काळजी मी समजू शकतो, परंतु हातात असलेला पुरावा आपण समजता तितका निराशाजनक नाही. खासगी शाळेतील मुले पुढे दिसतात, पण त्यांचे पालकही बहुधा अधिक शिकलेले आणि सुस्थितीतील असतात, त्यामुळे ही साधी तुलना फसवी ठरते. सोडतीत मात्र नंबर लागणे हे निव्वळ नशिबावर असल्याने लागलेली आणि न लागलेली मुले सारख्याच घरांतली असतात. कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन यांनी आंध्र प्रदेशातील खेड्यांत अशाच सोडतीने काही मुलांना खासगी शाळेचे शुल्क दिले आणि चार वर्षांनी दोन्ही गटांची परीक्षा घेतली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात तेलुगू आणि गणितात फरक आढळला नाही. सरकारी प्राथमिक शाळांत न शिकवल्या जाणाऱ्या हिंदीत मात्र खासगी शाळांतील मुले पुढे होती. खासगी शाळांनी हे दर मुलामागे एक तृतीयांशाहूनही कमी खर्चात साधले, हेही सांगायला हवे. त्यामागे शिक्षकांचे अल्प वेतन हे मोठे कारण आहे. खेड्यातील साध्या खासगी शाळांचा हा निष्कर्ष पुण्यातील महागड्या शाळांना जसाच्या तसा लागू होत नाही. तरीही शाळेच्या पाटीपेक्षा मूल मागे पडते आहे का, हे वेळीच ओळखणे अधिक मोलाचे, असे माझे मत आहे. मुलगी तिसरीत जाईल तेव्हा तिच्याकडून न वाचलेला उतारा वाचून घ्यावा आणि हातच्याची वजाबाकी करून घ्यावी. अडखळली तर त्याच आठवड्यात वर्गशिक्षकांना भेटावे.

प्रश्न : माझे लग्न १९९१ साली झाले. १९९४ पूर्वी लग्न झालेल्या बहिणींना वडिलार्जित जमिनीत हक्क नाही, असे भाऊ म्हणतो. हे खरे आहे का? आणि अशा कायद्याने खरोखर काही बदलते का? (एक भगिनी, शिरूर)

उत्तर : भाऊ म्हणतात तसा नियम होता. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना सहदायाद (एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत जन्मतःच वाटा असणारी व्यक्ती) म्हणून समान हक्क दिला, पण आधी लग्न झालेल्या मुलींना त्यातून वगळले. म्हणजे एकाच आईच्या दोन मुलींमध्ये केवळ लग्नाच्या तारखेने भेद झाला. ही अट मला तेव्हाही अन्यायाची वाटली होती. ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झालेल्या केंद्रीय दुरुस्तीत ती राहिली नाही, आणि त्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये विनिता शर्मा खटल्यात स्पष्ट केले. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत दस्ताने किंवा न्यायालयाच्या हुकूमनाम्याने वाटप झाले असेल, तर ते कायम राहते. सातबारा व फेरफार घेऊन वकिलांना भेटावे आणि तोपर्यंत कोठेही सही करू नये.

दुसऱ्या प्रश्नाविषयी : क्लाउस डाइनिंगर, अपराजिता गोयल आणि हरी नागराजन यांनी महाराष्ट्र व कर्नाटकातील कुटुंबांत, वडिलांचे निधन १९९४ च्या राज्य दुरुस्तीपूर्वी झाले की नंतर हे पाहून, एकाच घरातील भावाबहिणींना मिळालेल्या जमिनीची तुलना केली. दुरुस्तीनंतर मुलींना जमीन मिळण्याची शक्यता लक्षणीय वाढली आणि मुलींचे शिक्षणही वाढले. पण भावाबहिणींतील तफावत मिटली नाही. ती का मिटली नाही, हे मी घरातच पाहिले. माझ्या आत्याने हक्कसोडपत्रावर सही केली तेव्हा तिला कायदा ठाऊक होता. ‘जमीन घेतली तर दिवाळीला कोणाच्या घरी येऊ?’ एवढेच ती म्हणाली.

प्रश्न : परदेशात पूर्वी लग्न होताच शिक्षिकांची नोकरी जात असे, हे खरे का? (एक निवृत्त शिक्षिका, सदाशिव पेठ)

उत्तर : होय. २०२३ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळवणाऱ्या क्लॉडिया गोल्डिन यांनी दाखवल्याप्रमाणे १९४२ च्या सुमारास अमेरिकेतील सुमारे ८७ टक्के शालेय मंडळे विवाहित स्त्रीला शिक्षिका म्हणून घेत नसत, आणि सुमारे ७० टक्के मंडळे लग्न करणाऱ्या शिक्षिकेला कामावर ठेवत नसत. इंग्लंडमध्ये हे बंधन १९४४ च्या शिक्षण कायद्याने उठले. शिक्षिकेचा हात बसू लागतो त्याच वयात तिला घरी पाठवल्याने मुलांचेही नुकसान होत असणार, असे मला वाटते. आपल्याकडेही परराष्ट्र सेवेतील स्त्रीला लग्नासाठी सरकारची लेखी परवानगी घ्यावी लागे, सी. बी. मुथम्मा यांच्या प्रकरणात १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या नियमावर कडक ताशेरे ओढले. पुण्यातील शाळांत असा अलिखित दंडक आपण पाहिला असल्यास जरूर कळवावे. अशा गोष्टी सेवापुस्तकात सापडत नाहीत.