तेजोमेघाचे रंग आणि ताऱ्यांचे जन्मघर

प्रश्न : नव्या दुर्बिणीतून मृगातला तेजोमेघ पाहिला. फोटोत तो गुलाबी-लाल असतो, आम्हाला नुसता राखाडी धूर दिसला. दुर्बिणीत दोष आहे का?

उत्तर : दुर्बीण चांगली आहे. तेजोमेघ म्हणजे चमकणाऱ्या वायूचा ढग. त्याचा गुलाबी रंग हायड्रोजनचा, ६५६ नॅनोमीटरचा लाल प्रकाश. अंधारात आपण डोळ्यांतल्या ज्या पेशींनी पाहतो, त्यांना लाल जवळजवळ दिसतच नाही आणि रंगही ओळखता येत नाहीत. कॅमेरा मात्र मिनिटेन् मिनिटे प्रकाश साठवतो. मोठ्या दुर्बिणीतून काहींना तिथे हिरवट झाक दिसते. हा प्रकाश घटक रंगांत विभागला की हिरव्या रेषा दिसतात. त्या कुठल्याच माहीत मूलद्रव्याशी जुळेनात, म्हणून एकोणिसाव्या शतकात ‘नेब्युलियम’ हे नवेच मूलद्रव्य कल्पिले गेले. तो साधा ऑक्सिजन आहे, दोन इलेक्ट्रॉन गमावलेला, हे अमेरिकी शास्त्रज्ञ आयरा बोवेन यांनी १९२७ साली दाखवले. इतक्या विरळ वायूतच तो असा चमकू शकतो. मेघाच्या दाट मध्यभागीसुद्धा एका घनसेंटीमीटरमध्ये साधारण दहा हजार कण असतात. आपल्या हवेत तेवढ्याच जागेत २५ वर १८ शून्ये इतके रेणू.

पुढच्या वेळी अर्धा तास अंधारात थांबा, मोबाईल खिशात ठेवा आणि मेघाकडे थेट न बघता जरा बाजूला बघा. धुराला पंख फुटलेले दिसतील. राखाडी म्हणून त्याला कमी लेखू नका. तो प्रकाश सुमारे १,३५० वर्षे प्रवास करून थेट तुमच्या डोळ्यांत आलेला असतो, आणि मला तो कुठल्याही फोटोपेक्षा मोलाचा वाटतो.

प्रश्न : तो नेमका शोधायचा कुठे?

उत्तर : जानेवारीत रात्री नऊ-दहाला मृग दक्षिणेकडे उंच असतो. व्याधाने मृगाच्या पोटात मारलेला बाण, म्हणजे एका रेषेतले तीन ठळक तारे, शोधा. त्यांच्या खाली तीन मंद ठिपके लोंबताना दिसतात. मधला धूसर, तोच.

प्रश्न : या चमकणाऱ्या वायूपासूनच तारे बनतात का?

उत्तर : नाही, आणि हा गैरसमज फार पसरलेला आहे. चमकणारा वायू सुमारे दहा हजार अंश तापलेला. इतका तापलेला वायू आकसत नाही, पसरतो. तारे जन्मतात ते थंड, काळोख्या मेघात, जिथे तापमान उणे २६० अंशांच्या आसपास असते. तिथे वायूचा दाब कमी पडतो आणि गुरुत्वाकर्षण वरचढ ठरते. मृगात असा प्रचंड काळा मेघ तेजोमेघाच्या मागे पसरलेला आहे. आपल्याला दिसतो तो त्याचा फक्त पुढचा, उजळलेला भाग. उजळवणारे तारे तुम्हाला दिसू शकतात : दुर्बिणीची वर्धनक्षमता पन्नासपट ठेवा, मधोमध चार तारे अगदी खेटून दिसतील. त्यांतल्या सर्वांत तेजस्वी ताऱ्याच्या अतिनील किरणांनीच बराचसा वायू पेटलेला आहे. सूर्याचे वय ४६० कोटी वर्षे, यांचे जेमतेम दहा-वीस लाख. आसपासच्या कित्येक बालताऱ्यांभोवती धुळीच्या चकत्या हबल दुर्बिणीने टिपल्या आहेत. ग्रह अशाच चकत्यांत घडतात.

प्रश्न : उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांना असा मेघ दाखवता येईल?

उत्तर : येईल. मे महिन्यात मध्यरात्रीनंतर दक्षिणेला धनु राशीतली चहाच्या किटलीची आकृती शोधा. तोटीच्या टोकाच्या थोडे वर ‘एम ८’ हा तेजोमेघ आहे. गावाकडचे काळे आकाश असेल तर नुसत्या डोळ्यांनीही पुसटसा दिसतो. अमावास्येच्या आसपासची रात्र निवडा, आणि जूनची वाट पाहू नका, पावसाचे ढग येतात.